बाईनं स्वतःसाठी वेळ काढावा म्हणे, पण वेचणीच्या दिवसांत कुठून?

पऱ्हाटीवाली:
काल गटात कोणीतरी नागपूरच्या फिटनेस कोचची पोस्ट टाकली. "प्रत्येक आईनं रोज एक तास फक्त स्वतःला द्यावा. पहाटे चालावं, भिजवलेले बदाम खावे, आठ तास झोपावं. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो." खाली सगळ्या माणसांचे अंगठे. मले तर वाचून झोपच नाही आली, आठ तासांतले तेवढे गेलेच.

दादा, दिवाळीनंतर आमच्याकडं एकदा या. बाई अंधारात उठते. सडा, पाणी, सैपाक, पोट्ट्यांचे डबे, सासऱ्याचा चहा, मग ऑटोत कोंबून वावरात. वेचणी किलोवर असते. एक तास तुमच्या व्यायामाले दिला तर तेवढा कापूस कमी आन् तेवढे पैसे कमी. चालणं म्हणाल तर कमरेले ओटी बांधून दिवसभर तेच चालू असते, तेही वाकून. घरी येऊन सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पातेल्यात वरण उरलं तर नशीब, बदाम कुठले? वेळ काढा हे मले काऊन सांगून राहिले? माह्या नवऱ्याले सांगा नं. त्यानं सकाळी चूल पेटवली की माहा तास आपोआप निघते.

खडू-फळा:
ताई, राग समजतो. पण पोस्टमध्ये चुकीचं काय आहे? तुमच्यासारख्यांचं सोडा, ज्यांना वावर नाही त्याही वेळ नाही म्हणतात. माझ्याच घरी बघा. बायकोला बीपीची गोळी मीच आठवण करून द्यायची. संध्याकाळच्या मालिकेला मात्र वेळ असतो.

पऱ्हाटीवाली:
मालिका पाहता पाहता तुमची तूरडाळ कोण निवडते मास्तर?

उपकेंद्रातली बाई:
मी नर्स आहे, सगळं वाचून राहिली. दोघांचंही अर्धंच खरं. वेळ नाही हे कबूल. पण 1989 मध्ये डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला होता. 650 बायांना तपासलं तर 92 टक्क्यांना गर्भाशयाचा, पाळीचा, अंगावरून जाण्याचा असा काही ना काही आजार. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. हे नुसतं वेळेनं होतं का? लाज असते, भीती असते, समोर पुरुष डॉक्टर बसलेला असतो. आणि "बाईच्या जातीला एवढं चालायचंच" हे बायाच बायांना सांगतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांना रक्त कमी निघालं. मी लोहाच्या गोळ्या घरपोच देते, त्या फळीवर डब्यामागं सापडतात. मळमळते, संडास काळी होते, म्हणून बंद. घेतल्या तरी चहासोबत! चहानं लोह अंगी लागत नाही बायांनो. जेवण झाल्यावर घ्या, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, आणि चहा तासभर लांब ठेवा. आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजारही आहे, तेव्हा तपासल्याशिवाय मेडिकलमधून रक्तवाढीचं टॉनिक आणू नका. 2022 च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम आली होती. 18 वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी फुकट. आल्या कोण? गरोदर तेवढ्या. बाकीच्या म्हणे, आमाले काय झालं?

पऱ्हाटीवाली:
शिबिर भर दुपारी ठेवता मॅडम. रोजी सोडून येणार कोण?

वावरातला भाऊ:
दर महिन्याले दीड हजार लाडक्या बहिणीले, एसटीत अर्ध तिकीट. आता अजून काय रडणं हाय?

पऱ्हाटीवाली:
खातं माह्या नावानं, कार्ड त्यायच्या खिशात. अन् भाऊ, आता विषय काढलाच तर सांगा, पोट्टे झाल्यावर ऑपरेशनही बाईनंच काऊन करायचं? या गटातल्या किती माणसांनी केलं?

वावरातला भाऊ:
हे कुठून आणलं मधात? माणसानं केलं तर वखर कोण धरल? ताकद जाते.

उपकेंद्रातली बाई:
ताकद कशी जाईल? बिनटाक्याचं असते, अर्ध्या तासाच्या आत होते, त्याच दिवशी घरी. आठवडाभर जड काम नको आणि तीन महिने दुसरं साधन वापरायचं, बस्स. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागते. तरी त्याच राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायांचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्यानं केलं असं शंभरात एकही घर नाही.

खडू-फळा:
एक तरी आहे. मी केलं. दोन मुली झाल्यावर. आई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि स्टाफरूममध्ये जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

वावरातला भाऊ:
मास्तर, तुमाले पगारी सुट्टी होती. आमचा आठवडा बुडला तर बैल कोण पाहील?

पऱ्हाटीवाली:
वा! माणसाचा आठवडा बुडते हे बरोबर समजते. माह्या जावेनं टाके ओले असताना पाण्याचा गुंड उचलला. तिचा आठवडा कोणी मोजला? आजवर कंबर धरून बसते.

उपकेंद्रातली बाई:
त्या ऑपरेशननं पुढं वर्षानुवर्षं कंबर दुखत नाही ताई. वाकून काम, रक्त कमी...

पऱ्हाटीवाली:
तुमी तुमचं पुस्तक वाचा. दुखणं तिचं हाय.

उपकेंद्रातली बाई:
मग तिला घेऊन या नं तपासायला! इथं माझ्यावर कशाला ओरडता? मीही सकाळी घरचे डबे करूनच गाडीवर निघते. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन कोणी विचारलं का?

खडू-फळा:
पोस्ट चालण्याबद्दल होती, आठवण करून देतो.

पऱ्हाटीवाली:
तुमी केलं म्हणून आज तुमाले काही बोलत नाही मास्तर. बाकी मॅडम, शिबिर संध्याकाळी ठेवा, मग जावेले ओढून आणतो.

उपकेंद्रातली बाई:
लॅबवाला पाचलाच जातो. पण रक्त पाहायचं मीटर माझ्याकडं आहे. बुधवारी सात वाजता, मारुतीच्या ओट्यावर. जमेल?

पऱ्हाटीवाली:
सातले सैपाक असते.

वावरातला भाऊ:
बरं बावा, बुधवारी खिचडी मी टाकतो. पण बुधवारीच. अन् मॅडम, त्या मीटरनं माहंही पाहून घ्या. मलेही हल्ली चक्कर येते.

पऱ्हाटीवाली:
रांगेत मागं उभं राहायचं भाऊ.