पार्किंगचं चलन कॅमेऱ्याने का करू नये?

नदीअलीकडचा (धागाकर्ता)
काल संध्याकाळी टोइंगची गाडी आमच्या गल्लीत आली. नंबर पुकारल्यासारखं केलं, पोरांनी चार स्कूटर उचलून वर टाकल्या आणि गाडी पुढे. शेजारीच पी-२ च्या पाटीखाली (पी-१ म्हणजे विषम तारखेला गाडी लावायची बाजू, पी-२ म्हणजे सम तारखेला) विषम तारखेला एक एसयूव्ही निवांत उभी होती. तिला जॅमर लावायचा तर वेळ जातो, वर मालक कुणाचा तरी भाचा निघतो.

म्हणून म्हणतो, पुण्यात नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवलेली गाडी फिरवा. एका फेरीत नंबर टिपायचे, पंधरा मिनिटांनी तीच गाडी तिथेच दिसली तर चलन. कॅमेऱ्याला भाचा ओळखता येत नाही. कायद्याचीही अडचण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३६-अ कलम आलं, २०२१ मध्ये केंद्राच्या नियमांत १६७-अ आला, आणि कॅमेऱ्याच्या चित्रावरून चलन करता येईल अशा गुन्ह्यांत नको तिथे गाडी उभी करणंही आहे. विरोध असेल त्यांनी कारण द्यावं. 'आपल्याकडे नाही चालणार' हे कारण नव्हे.

पेठेतला दुकानदार
घ्या कारण. माझ्या दुकानासमोर टेम्पो लागतो, माल उतरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. हवालदाराला पाठीवर खोकी घेतलेले हमाल दिसतात, तो म्हणतो 'आटपा लवकर'. तुमच्या गाडीला फक्त प्लेट दिसणार. रोज एक टेम्पो, रोज एक चलन. ते पैसे मी गिऱ्हाइकाकडूनच काढणार, म्हणजे तुमच्याकडूनच.

नदीअलीकडचा
माल उतरवायच्या वेळा ठरवून द्या, त्या वेळेत कॅमेरा बंद. सोपं आहे.

पेठेतला दुकानदार
टेम्पोवाल्याला वाहतूक कोंडीने आधी सोडलं तर येईल तो वेळेत!

कालव्याकाठी
मी ॲमस्टरडॅममध्ये राहतो, इथे अशा गाड्या रोज फिरतात. दुकानदारसाहेबांची भीती खोटी नाही. इथेही माल चढवणं-उतरवणं म्हणजे पार्किंग नव्हे, पण चालत्या गाडीतल्या कॅमेऱ्याला ते कळत नाही. मग लोक हरकती घेत बसतात. चित्रं बघायला माणसं ठेवावीच लागतात.

पण मुद्दा वेगळाच आहे. इथे पार्किंगचे पैसे भरताना गाडीचा नंबरच टाकतात. काचेमागे चिठ्ठी ठेवावी लागत नाही, रहिवाशांचे परवानेही नंबरावरच. त्यामुळे कॅमेऱ्याने नंबर वाचला की एकच प्रश्न उरतो: या नंबराचे पैसे भरलेत का? पुण्यात बहुतेक रस्त्यांवर गाडी फुकट उभी राहते. मग तो नंबर ताडून बघणार कशाशी?

सोल्डरिंगवाला
कालव्याकाठींनी नेमकं बोट ठेवलंय. नंबर वाचणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. उच्च सुरक्षा प्लेट एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. एक ठसा, एक आकार; कॅमेरा ती सहज वाचतो. ४१४१ चं 'दादा' करणारे महाभाग तिथे अडकतील, तेवढाच आनंद.

पण कॅमेऱ्याला गाडी कुठे उभी आहे तेही कळायला हवं. साध्या जीपीएसमध्ये चार-पाच मीटरची चूक सहज होते. पेठेतली गल्ली ती केवढी! तेवढ्या चुकीत पी-१ ची बाजू पी-२ होते आणि निर्दोष माणसाला चलन जातं. त्यासाठी प्रत्येक पाटी, प्रत्येक पिवळी रेघ मोजून नकाशावर आणावी लागेल. आणि दुचाकींचं काय? त्यांची वाचण्यासारखी प्लेट मागेच असते. गाडी उलटी लावली, मागचं चाक फुटपाथला टेकवलं, की कॅमेरा आंधळा. म्हणजे आज चारचाकीवाला सुटतो, उद्या दुचाकीवाला सुटेल. न्याय तोच, फक्त बाजू बदलली.

नदीअलीकडचा
बदलू द्या की एकदा! आम्ही स्कूटरवाल्यांनी बरीच वर्षं भरलंय.

काळा कोट
१६७-अ अर्धाच वाचलात. त्याच नियमात आहे की कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि चलन १५ दिवसांत पोचलं पाहिजे. इथे झाडाच्या फांदीमागची पाटी शोधायला मान वाकडी करावी लागते.

दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. लोक भरत नाहीत. लोकअदालतीची वाट बघतात, तिथे तडजोड होते. कॅमेऱ्याने चलनं दसपट केली तरी वसुली दसपट होत नाही. आणि इंग्लंडने २०१५ साली कायदाच करून सीसीटीव्हीवरून पार्किंगचा दंड घरी पाठवायला बहुतेक ठिकाणी बंदी घातली. बस लेन, बसथांबे, शाळेचं दार असे मोजके अपवाद ठेवले. बाकी ठिकाणी माणसाने येऊन काचेवर तिकीट लावायचं.

नदीअलीकडचा
वकीलसाहेब, तुमचाच अपवाद मला द्या. बसथांबे आणि शाळेचं दार. तिथे पी-१, पी-२ ची भानगड नाही, माल उतरत नाही, खांबावर स्थिर कॅमेरा लावला की जीपीएसही लागत नाही. पीएमपीच्या बसला थांब्याला लागता येत नाही म्हणून म्हातारी माणसं रस्त्याच्या मध्ये उतरतात. निदान तिथून सुरुवात करायला कुणाची हरकत आहे?

काळा कोट
तिथे नाही. पण कुणाच्याही गुन्ह्यात नसलेले नंबर त्याच दिवशी पुसायचे, हे कंत्राटात लिहून घ्या. कोण रोज कुठल्या रस्त्याने जातं याची वही मला ठेकेदाराच्या हातात नको. आणि ठेकेदाराला दर चलनामागे पैसे देणार असाल तर माझी हरकत थांब्यापाशीही कायम.

पेठेतला दुकानदार
माझ्या दुकानासमोर बसथांबा आहे हो.