मदत हवी आहे: १९६३ ची म्हणून विकायला आलेली फेंडर कंपनीची बेस गिटार खरोखर त्या सालची आहे का?

अनघा_इर्व्हाइन:
नमस्कार. आमच्या शेजारच्या गावातले एक वयस्कर वादक आपली जुनी फेंडर बेस विकत आहेत. मागच्या बाजूच्या धातूच्या पत्र्यावर 'एल' अक्षराने सुरू होणारा पाच अंकी क्रमांक आहे. त्यावरून ती १९६३ ची असून तिचे सर्व भाग मूळचे आहेत, असे ते सांगतात. दुसरे गिऱ्हाईक थांबलेले असल्यामुळे शनिवारपर्यंत मला होकार किंवा नकार कळवायचा आहे. हा क्रमांक १९६३ चाच असतो का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निळू_ठाणे:
निश्चिंत राहा. 'एल' मालिका साधारण १९६३ ते १९६५ या काळातली आहे, आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेण्यापूर्वीच्या मालाला मोठी मागणी असते. मी असतो तर आजच पैसे दिले असते.

मंद्र:
निळू, केवळ पत्र्यावरून एवढी खात्री देऊ नये. तो पत्रा चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो. शिवाय कारखान्यात पत्रे क्रमाने लावले जात नसत, त्यामुळे अस्सल पत्रासुद्धा दोन-तीन वर्षांचा अंदाजच देतो. अनघाताई, प्रिसिजन आणि जॅझ या फेंडरच्या दोन बेस मॉडेलपैकी ही कोणती, हेच तुम्ही लिहिलेले नाही. बोटे ठेवायची पट्टी कोणत्या लाकडाची आहे आणि नेक (गिटारचा दांडा) काढून कोणी आत पाहिले आहे का?

अनघा_इर्व्हाइन:
प्रिसिजनच आहे, ते वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. दोन तुकड्यांचा एक पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) आणि रोजवुडची पट्टी आहे. मालकांनी माझ्यासमोर नेक काढून दाखवला. त्याच्या टोकावर '५ नोव्ह ६३ सी' असा शिक्का आहे. म्हणजे ५ नोव्हेंबर १९६३ ही तारीख सिद्ध झाली ना?

कारागीर_नाशिक:
ही चूक अनेकांकडून होते. सुरुवातीचा ५ हा दिवस नसून प्रिसिजनच्या नेकचा सांकेतिक अंक आहे, आणि शेवटचा सी म्हणजे नटपाशी (खुंट्यांजवळ तारा टेकतात तिथे) पावणेदोन इंच रुंदी. त्यामुळे शिक्का फक्त नोव्हेंबर १९६३ एवढेच सांगतो, आणि तेही नेकपुरते. वाद्य त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जोडलेले असू शकते. नेकच्या टोकाकडून पाहिल्यास रोजवुड आणि मेपल यांच्यातली रेघ सपाट आहे की कमानदार, ते सांगा. १९५९ ते १९६२ च्या मध्यापर्यंत सपाट, जाड पट्टी बसवत असत आणि त्यानंतर कमानदार. येथे कमान असेल तर शिक्क्याशी मेळ बसतो.

सिअ‍ॅटलकर:
या निमित्ताने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. विजेवरच्या बेसचा इतिहास फेंडरपासून सुरू होतो असे सगळे गृहीत धरतात. परंतु पॉल टुटमार्क यांनी आमच्या सिअ‍ॅटलमध्ये १९३० च्या दशकातच ऑडिओव्हॉक्स ७३६ ही पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची बेस बनवली होती. लिओ फेंडर यांची प्रिसिजन १९५१ ची आहे.

निळू_ठाणे:
टुटमार्क यांचा मान मोठाच आहे, परंतु त्यांची वाद्ये मोजकीच बनली. ३४ इंचांची तार आणि प्रिसिजनचे पडदे मात्र वादकांनी जगभर स्वीकारले. तुमचा मुद्दा 'पहिली कोणी बनवली' हा आहे आणि माझा 'रुजवली कोणी' हा.

कारागीर_नाशिक:
तो वाद मोठा आहे, पण अनघाताईंना शनिवारपर्यंत उत्तर हवे आहे. प्रिसिजनची सुरुवातीची सपाट बॉडी १९५४ मध्ये कडांना उतार देऊन बदलली, आणि १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप व मोठा हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) आला. त्यानंतर बाह्यरूप जवळजवळ तसेच राहिले. त्यामुळे १९६३ चा नेक नंतरच्या बॉडीवर सहज बसतो आणि वरून पाहून ते लक्षात येत नाही. पॉटवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) कोरलेले अंक आणि पिकअपच्या तळाचा रंग पाहावा.

अनघा_इर्व्हाइन:
पट्टीची रेघ कमानदार आहे. पॉटवर १३७६६३३ आहे. पिकअपचा तळ करडा आहे. पण सर्व मूळचे असल्याचे त्यांनी सांगितलेच आहे, मग याची गरज का?

कारागीर_नाशिक:
गरज येथेच आहे. १३७ म्हणजे सीटीएस हा उत्पादक, ६६ हे साल आणि ३३ हा आठवडा. म्हणजे पॉट १९६६ च्या ऑगस्टमधला. फेंडरने त्या वर्षी पॉटचा एवढा साठा घेतला होता की तेच पुढची काही वर्षे वापरले गेले, त्यामुळे पॉटवरून 'याच्या आधीचे नाही' एवढेच ठरते. पिकअपचा तळही १९६४ पूर्वी काळा असे, नंतर करडा झाला. म्हणजे दोन्ही भाग नेकनंतरचे आहेत. एक तर १९६३ च्या वाद्यात पिकअप आणि पॉट नंतर बदलले, किंवा १९६३ चा नेक आणि पत्रा नंतरच्या बॉडीवर बसवला. पहिल्या शक्यतेत किंमत काही प्रमाणात उतरते, दुसऱ्या शक्यतेत फारच उतरते.

निळू_ठाणे:
इतकी धाकधूक असेल तर १९८२ पासून जपानमध्ये बनलेली, क्रमांकाआधी 'जेव्ही' असलेली १९६२ ची प्रतिकृती घ्यावी. माझ्याकडे आहे आणि ती उत्तम वाजते.

मंद्र:
निळू, त्यांनी ते विचारलेलेच नाही.

अनघा_इर्व्हाइन:
मालकांना विचारले. सत्तरच्या दशकात एका दुकानात दुरुस्ती करून घेतल्याचे त्यांना आठवते, पण काय बदलले ते आठवत नाही. त्यांनी फसवले असे मला वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा जाणार आहे. काय पाहू?

कारागीर_नाशिक:
आधी तारा पूर्ण सैल कराव्यात, मगच नेकचे स्क्रू काढावेत. नेकमधली आणि बॉडीतली चारही भोके एकमेकांसमोर येतात का आणि कुठे बुजवलेले जादा भोक आहे का, ते विजेरी धरून पाहावे. पॉटवरचा डाख दुसऱ्यांदा तापवल्यासारखा काळपट आणि ढेकळासारखा दिसला, तर पॉट नंतर बदलल्याचा अंदाज बळकट होतो. जुन्या डाखाला मात्र हात लावू नये. सगळ्याची छायाचित्रे येथे टाकावीत, मी शुक्रवारी रात्री जागा राहीन.