पाणी-बर्फ-वाफ हा दाखला त्रैक्याला लागूच पडत नाही

मूळ लेख

ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे देव एक पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन ही शिकवण, समजावताना पाणी, बर्फ, वाफ हा दाखला हमखास येतो. पदार्थ एक, रूपं तीन. ऐकायला छान, पण तो नेमका त्या मताकडे नेतो जे चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. सबेल्लियस या त्या काळच्या ख्रिस्ती शिक्षकाचं मत असं होतं, की एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा म्हणून प्रकटतो. मग गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली ती कोणाला? स्वतःलाच?

त्रैक्याचं म्हणणं असं: पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, तिघंही पूर्ण देव, आणि देव एकच. यातलं एक विधान गाळलं की सगळं सोपं होतं, पण मग ते त्रैक्य उरत नाही.

मराठीत तर 'तीन व्यक्ती' हा शब्दच दोन्हीकडून फसवतो. व्यक्ती म्हणजे माणूस धरलं तर तीन देव होतात, आणि 'व्यक्त होणे' धरलं तर पुन्हा सबेल्लियस.

प्रतिसाद १

मी येशूला मानतो, त्रैक्य मानत नाही. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे येशूचंच वाक्य (योहान १४:२८). शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, हेही त्याचंच (मार्क १३:३२). जो पूर्ण देव आहे त्याला ठाऊक नाही, असं कसं? पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा, यातला हा ग्रीक शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. तो ३२५ साली निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या देखत मतसारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, आला. आणि तिघांचं एकत्व स्पष्ट सांगणारं म्हणून जे वचन दाखवलं जायचं (योहानाचं पहिलं पत्र, १ योहान ५:७), ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ च्या आवृत्तीत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं.

प्रतिसाद २

१ योहानबद्दल पूर्ण सहमत, त्यावर कोणी इमारत उभी करू नये. पण सम्राटाने लादलं हे पटत नाही. कॉन्स्टंटाइनने मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाचा बिशप युसेबियस याच्याकडून, आणि तो निकायाने ज्याचं मत नाकारलं त्या एरियसचा पाठीराखा होता. निकायाची बाजू लढवणाऱ्या बिशप अथानासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. दरबाराचं लाडकं मत असं वागवतात का? शिवाय ३२५ च्या मतसारात पवित्र आत्म्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. तो भाग ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला विस्तारला. मधली छप्पन्न वर्षं नुसती भांडणाची होती.

एरियस म्हणायचा, पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता. तसं असेल तर शिष्य थोमा येशूला "माझा प्रभू, माझा देव" म्हणतो (योहान २०:२८) तेव्हा येशू त्याला थांबवत का नाही?

प्रतिसाद ३

सबेल्लियसला इतकं झटकून टाकू नका. आजही एकत्ववादी पेंटेकॉस्टल मंडळ्या (त्रैक्य न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) तिघांच्या नव्हे, येशूच्या नावानेच बाप्तिस्मा देतात, कारण प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये तसंच आहे. "मी आणि पिता एक आहोत" (योहान १०:३०) या येशूच्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला तर बिघडलं कुठे?

मूळ लेखक

त्या ग्रीक वाक्यातला 'एक' नपुंसकलिंगी आहे. एकच जण असं म्हणायचं असतं तर पुल्लिंगी शब्द हवा होता. आणि 'आहोत' हे अनेकवचन आहेच.

प्रतिसाद १

थोमाचं वाक्य मला अडचणीचं वाटतं, हे कबूल करतो. पण मार्क १३:३२ चं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. 'मनुष्य म्हणून ठाऊक नव्हतं' एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण तिथे शब्द 'पुत्र' असाच आहे.