खडपाचा फोटो भिंतीवर: चित्र की नुसती सजावट?

धागालेखक:
पणजीच्या आमच्या घरात हणजूणच्या किनाऱ्यावरील जांभ्या खडपाचा, म्हणजे खडकाळ कातळाचा, ९० बाय ६० सेंटिमीटरचा फोटो लावला आहे. त्यात समुद्र नाही, क्षितिज नाही, माणूस नाही. मधाच्या पोळ्यासारखी भोके, त्यांच्या कडांवर सुकलेल्या मिठाची पांढरी रेघ आणि लोहाचा तांबडा रंग, एवढेच. 'हे कुठले?' असे पाहुण्यांनी विचारले तर मी सांगत नाही, कारण ठिकाण कळताच माणूस फोटो पाहायचे सोडून सहलीच्या आठवणी काढतो. माझ्या मते हा फोटो कोणत्याही अमूर्त चित्राच्या तोडीचा आहे.

पहिला प्रतिसाद:
मला हे मान्य नाही. चित्रकार कोऱ्या फलकावर रेघ ओढतो; तुम्ही आयते काम चौकटीत बसवले. जांभ्यातला मऊ भाग पावसाने आणि लाटांनी झिजतो व लोहाचे कठीण कंगोरे मागे उरतात, त्याचे श्रेय तुम्हाला कसे? शिवाय माझी आजी सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी अशाच खडपांवर कालवे काढायला जात असे आणि तळपाय कापून घेऊन येत असे. तुमच्या चौकटीत त्या दगडाची धारच उरत नाही.

दुसरा प्रतिसाद:
वाद चालू द्या, पण चकचकीत कागदावर छापू नका. आमचा फोटो दुसऱ्याच पावसाळ्यात काचेला चिकटला. फोटो आणि काच यांच्यामधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, आणि फ्रेम व भिंत यांच्यात बोटभर फट ठेवावी.

धागालेखक:
माउंट आहे, आभार. श्रेयाबद्दल सांगायचे तर अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने कॅलिफोर्नियातील पॉइंट लोबोसचे खडक वर्षानुवर्षे टिपले आणि १९४८मधील त्याचे अखेरचे फोटोही तिथलेच आहेत. खडक सर्वांना दिसत होते, पण ती नजर त्याची होती. या फोटोसाठी मी चार वेळा गेलो. दुपारच्या उन्हात भोके सपाट दिसत होती; सुकती आणि पाचनंतरचे तिरपे ऊन एकाच दिवशी जुळले, तेव्हा कुठे प्रत्येक भोकात सावली उतरली. आजींच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. फ्रेमच्या पाठीवर मी ठिकाण आणि सुकतीची वेळ लिहून ठेवली आहे, एवढेच.

पहिला प्रतिसाद:
उन्हाचे मानले. पण पाठ भिंतीकडे असते, ती पाहुण्यांना दिसणार कशी?