गोटहार्ड खिंडीतल्या खेचरवाल्यांबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, आल्प्समधल्या गोटहार्ड खिंडीच्या (२१०६ मीटर) जुन्या व्यापारी वाटेने मला अक्षरशः झपाटलं आहे. तेराव्या शतकात शोलेनेन घळीवर पूल झाला आणि वाट खुली झाली. १७०८ मध्ये तिथेच कातळ फोडून सुमारे ६४ मीटरचा बोगदा काढला. १८३० च्या सुमारास गाडीरस्ता झाला नि खेचरांचे तांडे मागे पडले; १८८२ साली रेल्वे आली.

मला ओढ आहे ती त्या खेचरवाल्यांची. गावोगावी त्यांचे संघ असत, आपापल्या टप्प्यावर माल वाहण्याचा हक्क त्यांचाच. टप्पा संपला की माल वखारीत उतरवून पुढच्यांच्या हवाली! या संघांचे नियम, मजुरी, हिवाळ्यातली वाहतूक यांवर इंग्रजीत वाचण्याजोगं काही आहे का? शोलेनेन घळीच्या दोन टोकांना असलेल्या ग्योशेनेन ते आंडरमाट या गावांदरम्यान कुणी पायी गेलंय का? जुनी फरसबंदी कुठे दिसते, कृपया सांगा.