मदत हवी आहे : वारकऱ्याच्या मूर्तीसाठी कोणती पॉलिमर क्ले घ्यावी?

नमस्कार. गळ्यात वीणा आणि एका हातात चिपळ्या घेतलेल्या वारकऱ्याची सुमारे २० सेंटिमीटर उंचीची मूर्ती पॉलिमर क्लेमध्ये (ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणाऱ्या कृत्रिम मातीत) घडवण्याचा माझा विचार असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. या क्लेच्या प्रकारांपैकी स्कल्पी थ्री मळायला मऊ असली, तरी भाजल्यावर तिचे बारीक भाग ठिसूळ राहतात. म्हणून बोटे आणि वीणेची दांडी यांसाठी भाजल्यानंतरही किंचित लवचीक राहणारी प्रीमो किंवा फिमो प्रोफेशनल घ्यावी, असे मला वाटते. आपला अनुभव काय सांगतो? आतून तारेचा सांगाडा आणि त्यावर घट्ट दाबलेली ॲल्युमिनियम फॉइल असेल.

खरी अडचण भाजण्याची आहे. प्रीमोला १३० अंश सेल्सिअस, तर फिमोला ११० अंश लागतात. दोन्ही एकाच मूर्तीत वापरल्यास कोणते तापमान धरावे? घरच्या ओटीजीचे (विजेच्या छोट्या ओव्हनचे) तापमान वरखाली होते आणि या क्लेमध्ये पीव्हीसी असल्याने ती करपली तर घातक धूर निघतो, त्यामुळे येथे अंदाजाने काम करणे मला मान्य नाही. चेहरा व धड आधी भाजून, मग त्यावर धोतराच्या आणि पागोट्याच्या चुण्या चढवून पुन्हा भाजल्यास जोडावर भेगा पडतात का, आणि त्या टाळण्यासाठी मध्ये लिक्विड क्लेचा (द्रवरूप पॉलिमर क्लेचा) पातळ हात पुरेसा ठरतो का, हेही कृपया सांगावे.