उषा मेहता : नभोवाणीच्या इतिहासात त्यांचे स्थान कोणते?

१९४२ च्या चळवळीविषयी लिहिताना उषा मेहता यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो : ‘त्यांनी गुप्त रेडिओ चालवला.’ भारतीय नभोवाणीच्या इतिहासात तर तेवढेही वाक्य मिळत नाही. तिथे १९२३ चा मुंबईचा रेडिओ क्लब येतो, २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र येते, १९३६ चे ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नामकरण येते आणि मग गाडी थेट १९४७ वर जाते. माझे म्हणणे असे आहे की त्यांचा हा गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ हे पूर्ण अर्थाने प्रसारण केंद्र होते आणि उषाबेनना नभोवाणीच्या आद्य स्त्री प्रसारकांत मानाने बसवले पाहिजे.

९ ऑगस्टच्या पहाटे नेते पकडले गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्या वेळी उषाबेन बावीस वर्षांच्या होत्या. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याचा अभ्यास करीत होत्या. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. त्याच महिन्याच्या अखेरीस, २७ तारखेला, ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज आला : काँग्रेस रेडिओ, भारतातील कुठूनतरी. हे ‘कुठूनतरी’ म्हणजे प्रत्यक्षात चौपाटी, लॅबर्नम रोड, गिरगाव असा दक्षिण मुंबईचा छोटासा टापू होता. पोलिसांच्या शोधक गाड्या प्रक्षेपकाचा माग काढीत फिरत होत्या, म्हणून यंत्रासकट बिऱ्हाड पुन्हा पुन्हा हलवावे लागे.

आता या केंद्राचे काम पाहा. देशभरातून निरोपे बातम्या आणीत, काँग्रेसच्या मुंबईतील भूमिगत कार्यालयाकडूनही मजकूर येई, त्यातून बातमीपत्र तयार होई आणि ते हिंदीत व इंग्रजीत वाचले जाई. प्रारंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’. बातमी मिळवणे, निवडणे, लिहिणे, ठरल्या वेळी वाचणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणे, हेच तर वृत्तप्रसारण! चितगाववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि चिमूर-आष्टीत झालेले अत्याचार या बातम्या छापण्याची वृत्तपत्रांना सोय नव्हती. त्या या केंद्राने दिल्या. चिमूरच्या स्त्रियांवर काय गुदरले ते मुंबईतल्या एका तरुणीने ध्वनिक्षेपकापुढे बसून सांगितले, ही गोष्ट विदर्भातल्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या वाचकाने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १

उषाबेनविषयी आदर आहेच, परंतु मांडणी मान्य नाही. २७ ऑगस्टला सुरू झालेले प्रसारण १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांचा छापा पडला तेव्हा थांबले. म्हणजे जेमतेम अडीच महिने. नंतर देश स्वतंत्र झाला, नभोवाणी आपली झाली, तरीही त्या तिकडे परतल्या नाहीत. त्यांनी गांधीविचारावर पीएच.डी. केली, विल्सन महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि मुंबई विद्यापीठात विभागप्रमुख होऊन १९८० साली त्या निवृत्त झाल्या. त्यांनी स्वतः ज्याला आपले कार्यक्षेत्र मानले नाही, त्या क्षेत्राची पहिली मानकरी आपण त्यांना का करावी?

नभोवाणी हे रोजच्या रियाझाचे माध्यम आहे. १३ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्ली केंद्रावर उर्दू बातम्या वाचू लागलेल्या सईदा बानो, पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे, मुंबई केंद्रावर ‘वनितामंडळ’ हा स्त्रियांचा कार्यक्रम चालवणाऱ्या स्त्रिया, यांनी वर्षानुवर्षे बाईचा आवाज घराघरांत रुजवला. दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसणारी माझी आजी बातम्यांतले आणि पाककृतींतले आवाज नुसत्या स्वरावरून ओळखत असे. हा संबंध अडीच महिन्यांत जुळत नाही. शिवाय धाग्यात ‘मुंबईचे केंद्र’ असा भाव आहे. गिरगावात बसून चाललेल्या प्रसारणाची भाषा मात्र हिंदी आणि इंग्रजी होती. त्याला स्थानिक कसे म्हणायचे?

प्रतिसाद २

माझा आक्षेप वेगळा आहे. एका व्यक्तीचे चरित्र मोठे करताना बाकीचे झाकोळतात. प्रक्षेपकाची यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ ‘शिकागो रेडिओ’च्या नानक मोटवानी यांच्याकडून मिळाले. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबूभाई खाकर सोबत होते. राममनोहर लोहिया या कामाशी जोडले गेले. बोलणाऱ्यांत लोहियांबरोबर अच्युतराव पटवर्धन, मोईनुद्दीन हॅरिस आणि कुमी दस्तूर होत्या. खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत यांना एक वर्ष शिक्षा झाली. सर्वांत मोठी शिक्षा भोगणाऱ्या बाबूभाईंचे नाव आज किती जणांना माहीत आहे? आणि स्त्री प्रसारकच शोधायच्या असतील, तर कुमी दस्तूर यांना मूळ धाग्यात एक ओळही मिळू नये याचे मला वाईट वाटले.

धागालेखिकेचे उत्तर

कुमी दस्तूर यांचा उल्लेख राहून गेला ही माझी चूक आहे. मोटवानी आणि खाकर यांच्याबद्दलही आपले म्हणणे रास्त आहे. मात्र कोणतेही प्रसारण केंद्र एकट्याने चालत नाही; अभियंता, लेखक आणि निवेदक तिथे असतातच, म्हणून त्या केंद्राच्या मुख्य आवाजाचे श्रेय कमी होत नाही.

अडीच महिन्यांच्या मुद्द्याविषयी मी अधिक ठाम आहे. ते अडीच महिने उषाबेननी संपवले नाहीत, एका भारतीय तंत्रज्ञाने फितुरी केल्यामुळे ते संपवले गेले. अटकेनंतर सहा महिने चौकशी चालली, सहकाऱ्यांची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करू असे आमिष दाखवले गेले, तरी त्यांनी तोंड उघडले नाही. येरवड्यात प्रकृती ढासळली, जे. जे. रुग्णालयात उपचार झाले, पुन्हा येरवडा, आणि सुटका झाली ती मार्च १९४६ मध्ये. अशा देहाने आणि मनाने बाहेर आलेल्या स्त्रीने पुढे वर्गात शिकवणे निवडले, यावरून तिच्या आधीच्या कामाची जात ठरत नाही. सईदा बानो यांच्यामागे सरकारी केंद्र होते, वेळापत्रक होते, पगार होता. हे सांगून त्यांचे मोल मी कमी करीत नाही. पण विनापरवाना प्रक्षेपक बाळगणे हाच गुन्हा असताना रोज ठरल्या वेळी हवेत येणे यालाही रियाझच म्हणावे लागेल. अटकेच्या वेळीसुद्धा ‘वंदे मातरम्’ची तबकडी त्यांनी मध्येच थांबू दिली नाही.

भाषेचा आक्षेप मात्र मला विचारात पाडतो. मराठीत बातमीपत्र असते तर चिमूरची बातमी ज्यांची होती त्यांच्याच बोलीत पोचली असती.

प्रतिसाद ३

‘स्थानिक’ या शब्दावर थोडे थांबू या. स्थानिकपणा भाषेत असतो तसा तो ध्वनिक्षेपक कोणाच्या हातात आहे यातही असतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. त्या निकालातील न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्याच हस्ते १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर या आजच्या तेलंगणातील गावी दलित शेतकरी बायांनी चालवलेल्या ‘संघम रेडिओ’ या सामुदायिक केंद्राचे, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवायच्या छोट्या नभोवाणी केंद्राचे, उद्घाटन झाले. आपल्याकडे माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ त्याच वर्षी सुरू झाला. मी स्वतः दुष्काळी पट्ट्यातला आहे आणि चारा छावणीची, ओवीची, बाजारभावाची गोष्ट आपल्याच गावच्या बाईच्या तोंडून ऐकण्याने काय होते हे मी पाहिले आहे. या बाया आकाशवाणीच्या निवेदिकांपेक्षा उषाबेनच्या अधिक जवळच्या वारस आहेत असे मला वाटते, कारण सरकारी केंद्राबाहेर उभे राहून बोलण्याची वाट उषाबेननीच आधी चोखाळली होती. आणि उषाबेन ज्यासाठी तुरुंगात गेल्या ते नेमके काम, म्हणजे स्वतः मिळवलेली बातमी स्वतः देणे, सामुदायिक केंद्रांना आजही करता येत नाही. आकाशवाणीकडून मिळालेल्या बातम्या पुनःप्रक्षेपित करण्यापुरतीच मुभा आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचा पुन्हा प्रतिसाद

म्हसवडचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. १९३६ आणि १९४७ यांच्या मधल्या जागेत काँग्रेस रेडिओची नोंद नभोवाणीच्या इतिहासातच व्हावी, एवढे मी आता मान्य करतो. ‘आद्य’ हे विशेषण मात्र मी देणार नाही. आजीच्या दुपारी ज्या आवाजांनी भरल्या होत्या त्या स्त्रियांची नावेही आपल्याला धड सांगता येत नाहीत, आणि १९९८ साली पद्मविभूषण मिळालेल्या उषाबेनपेक्षा त्यांच्या विस्मरणाची मला जास्त काळजी वाटते. ‘वनितामंडळा’वर मी वेगळा धागा काढतो आहे, ज्यांच्या घरी कोणी मुंबई वा पुणे केंद्रावर काम केले असेल त्यांनी तिथे जरूर लिहावे.